होंडा सिटी (२००८–२०१३) : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदला, मग शिफ्टिंग पुन्हा बसवा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल आपल्याकडे दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, हात लावू नका, कंपनीने आयुष्यभराचं ऑइल भरलंय. दुसरा म्हणतो, मशीन लावून सगळं फ्लश करून टाका. २००८ ते २०१३ मधल्या होंडा सिटीच्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकला दोन्ही लागू पडत नाहीत. हा गिअरबॉक्स घरच्या घरी सर्व्हिस करायला फार सोयीचा आहे. खाली एक ड्रेन बोल्ट, वर एक डिपस्टिक, मधे चेंबर उघडायची गरज नाही. तरीही हेच काम करताना गिअरबॉक्स कायमचे गेलेत, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं : चुकीचं ऑइल, चुकीचा बोल्ट किंवा चुकीची लेव्हल. म्हणून खाली या तीन जागी मुद्दाम जास्त वेळ घालवला आहे.

ऑइल इतकं महत्त्वाचं का, तेही समजून घ्या. या गिअरबॉक्समध्ये समांतर शाफ्ट आहेत आणि गिअर लावायला ऑइलमध्ये बुडालेले क्लच पॅक आहेत. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलच्या प्रवाहाने जोडणारा भाग) पुढे नेणं, क्लच दाबून धरणं, दातांना वंगण देणं आणि उष्णता बाहेर काढणं ही चारही कामं एकच ऑइल करतं. क्लच किती घसरून पकडायचा, हेही ऑइलमधल्या मिश्रणावर ठरतं. ऑइल थकलं की आधी शिफ्टिंग बिघडतं आणि मग क्लच जळतो.

१. आधी गाडी ओळखा

ही पद्धत २००८ च्या अखेरीस आलेल्या आणि २०१३ पर्यंत विकल्या गेलेल्या पेट्रोल सिटीच्या टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकसाठी आहे. २०१४ च्या सिटीत सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) आला. त्याला एचसीएफ-२ हे वेगळं फ्लुइड लागतं. एटीएफ (म्हणजे आपल्या गिअरबॉक्सचं ऑइल) सीव्हीटीत किंवा एचसीएफ-२ एटीएफच्या गिअरबॉक्समध्ये गेलं की नुकसान नक्की. २००८ च्या आधीच्या सिटी झेडएक्सची ऑटोमॅटिकही सीव्हीटीच होती, तेव्हा तिलाही हा लेख लावू नका. ब्रिओ आणि पहिल्या पिढीची पेट्रोल अमेझ यांच्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकला पद्धत हीच चालते, फक्त ऑइलचा आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या.

सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आरसी बुकातलं उत्पादनाचं वर्ष बघा. विकणाऱ्याच्या तोंडी वर्षावर ऑइल विकत घेऊ नका.

२. गिअरबॉक्सची तब्येत बघा

ऑइल बदलल्याने थकलेलं ऑइल सुधारतं. झिजलेला क्लच सुधारत नाही. त्यामुळे सामान आणण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या.

मीटरमधला 'डी' दिवा लुकलुकतोय का ते आधी बघा. लुकलुकत असेल तर कंट्रोल युनिटने गिअरबॉक्सचा दोष नोंदवला आहे. साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र) लावून कोड वाचा. पी०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप (स्थिर वेगाला क्लचने थेट जोडला जाणं) नीट होत नाही. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे आत काहीतरी घसरतंय. पी०७१५ आणि पी०७२० हे वेगाच्या सेन्सरशी संबंधित आहेत. यातला एकही कोड असेल तर आधी त्याचा निकाल लावा.

मग डिपस्टिक काढून एक थेंब पांढऱ्या टिश्यूपेपरवर टाका आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. डाग गुलाबी-लालसर पसरला तर ऑइल अजून चांगलं आहे. चहाच्या रंगाचा असेल तर बदलायची वेळ झाली. मधे काळा ठिपका, त्यात बारीक कण आणि नाकाला जळका वास असेल तर क्लचचं अस्तर सुटायला लागलंय. अशा वेळी ऑइल बदलून गिअरबॉक्स वाचेल असं धरू नका, आधी जाणकाराला दाखवा.

थेंब रूह अफजा घातलेल्या दुधासारखा दिसला तर गाडी सुरूच करू नका. तसा रंग पाणी किंवा कूलंट ऑइलमध्ये शिरल्यावर येतो. पावसाळ्यात मुंबईच्या किंवा सांगलीच्या पुरात गाडी दाराच्या पातळीपर्यंत बुडाली असेल, तर गिअरबॉक्सच्या हवा सोडायच्या नळीतूनही पाणी आत जातं. क्लचच्या अस्तराचा चिकटा पाण्याने सुटतो, म्हणून अशी गाडी टो करूनच न्यावी.

३. लागणारं सामान

- होंडा एटीएफ डीडब्ल्यू-१, आठ लिटर. एका वेळी साधारण अडीच लिटर लागतं, असं तीन वेळा करायचं आहे, वर थोडं राखीव.
- ड्रेन बोल्टचे ॲल्युमिनियमचे वायसर, १८ मिमी, पार्ट नंबर ९०४७१-पीएक्स४-०००. तीन घ्या, दर वेळी नवा.
- ३/८ इंची चौकोनी रॅचेट आणि छोटं एक्स्टेन्शन. बोल्टला सॉकेट लागत नाही, रॅचेटचा चौकोनच बोल्टच्या खाचेत बसतो.
- टॉर्क रेंच. ५० न्यूटन-मीटर त्याच्या पट्ट्याच्या मध्यावर यावेत.
- ट्रॉली जॅक आणि जॅक स्टँड, किमान दोन, चार असतील तर उत्तम. चाकांना लावायला ओंडके.
- लांब, बारीक नळीचं नरसाळं. नळी डिपस्टिकच्या भोकात जाते का ते दुकानातच विचारात घ्या.
- लिटरच्या खुणा असलेला जग आणि चार-पाच लिटरचं पसरट घमेलं.
- जुन्या सुती बनियनच्या चिंध्या, त्यासुद्धा धुतलेल्या. कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचा धागा डिपस्टिकला चिकटून आत जातो आणि व्हॉल्व्हच्या बारीक वाटेत अडकतो.
- हातमोजे, चष्मा, मार्कर.

गाडीच्या सुरुवातीच्या बॅचमध्ये होंडाचं झेड-१ भरलेलं असायचं. डीडब्ल्यू-१ त्याचीच पुढची आवृत्ती आहे आणि जुन्या गाडीत चालते, दोन्ही मिसळली तरी बिघडत नाही. बाजारातलं 'सर्व गाड्यांना चालणारं' एटीएफ मात्र टाळा. होंडाचे क्लच विशिष्ट घर्षणाच्या ऑइलवर बसवलेले आहेत. दुसऱ्या ऑइलवर गाडी चालते, पण हळूहळू दुसरा-तिसरा गिअर लागताना थरथर सुरू होते. नकली ऑइलही फार फिरतं. सील, बॅच नंबर आणि दुकानाचं पक्कं बिल यांच्याशिवाय डबा घेऊ नका.

या गिअरबॉक्सची आतली जाळी चेंबर उघडल्याशिवाय निघत नाही. म्हणून कुणी 'फिल्टरही बदलून देतो' म्हणालं तर कुठला फिल्टर, ते दाखवायला सांगा.

४. ऑइल गरम करा, गाडी उचला

दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा. ऑइल कोमट असलं की पातळ होतं आणि तळाला बसलेली घाण घेऊन बाहेर पडतं. लांबच्या प्रवासाहून आल्या आल्या मात्र बोल्ट उघडू नका. त्या ऑइलने हात भाजतो. अर्धा-पाऊण तास थांबा.

जागा सपाट हवी. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो, डोळ्यांना तो दिसत नाही. पाण्याची बाटली आडवी ठेवून ती घरंगळते का बघा. किंचित घरंगळली तर ती जागा ऑइल काढायला चालेल, लेव्हल बघायला नाही.

लिव्हर 'पी'मध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके. खालच्या पट्टीवर ज्या खाचा कापलेल्या असतात तिथेच जॅक लावा. पुढचा भाग उचलून दोन स्टँडवर ठेवा, मग गाडीला हाताने जोरात ढकलून बघा. हलली तर पुन्हा बसवा. विटा, सिमेंटचे ब्लॉक किंवा टायरचे रिम यांच्यावर गाडी टेकवून तिच्याखाली शिरू नका. ब्लॉक वजनाने हळू फुटत नाही, एकदम फुटतो. नुसत्या जॅकवरही तेच.

चाकं हवेत असताना इंजिन सुरू करून गिअर टाकायचा मोह होईल. तो आवरा.

५. बरोबर बोल्ट शोधा

सगळ्यात जास्त नुकसान करणारी पायरी हीच. गाडीखाली दोन ड्रेन बोल्ट आहेत. इंजिन ऑइलचा बोल्ट साधा षटकोनी आहे आणि त्याला १७ चा पाना लागतो. गिअरबॉक्सच्या बोल्टला मधे चौकोनी खाच आहे. गाडीत बसल्यावर गिअरबॉक्स डाव्या हाताला येतो, म्हणजे बाजूला बसणाऱ्याच्या पायांच्या पुढे, बॅटरीच्या खाली. त्याच्या तळाला हा चौकोनी खाचेचा बोल्ट सापडतो.

घाईत काम करणाऱ्या गॅरेजमध्ये इंजिन ऑइल बदलायला आलेल्या गाडीचं एटीएफ काढून टाकलं जातं आणि वरून इंजिनमध्ये नवं ऑइल भरलं जातं. इंजिनमध्ये दुप्पट ऑइल, गिअरबॉक्स जवळपास रिकामा, आणि गाडी गेटच्या बाहेर जाईपर्यंत सगळं ठीक वाटतं. हे टाळायचा उपाय सोपा आहे. गाडीखाली शिरण्याआधी डिपस्टिकवरून ऑइलचा रंग बघा. बोल्ट सैल केल्यावर पहिली धार त्याच रंगाची आली पाहिजे. काळं-तपकिरी, इंजिनच्या वासाचं ऑइल आलं तर ताबडतोब बोल्ट परत फिरवा.

आता उघडणं. चौकोनी खाचेत पंधरा वर्षांची माती भरलेली असते. खिळ्याने आणि ब्रशने ती पूर्ण खरवडून काढा, मगच रॅचेटचा चौकोन तळापर्यंत बसेल. अर्धवट बसवून जोर लावला की खाच गोल होते, आणि मग तो बोल्ट वेल्डिंगशिवाय निघत नाही. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. हलत नसेल तर रॅचेटला झटके मारू नका, दांड्यावर लांब पाइप चढवून सावकाश, सलग जोर द्या.

बोल्ट सुटायला आला की हाताने वर दाबून धरत फिरवा आणि शेवटी पटकन बाजूला घ्या. धार सुरुवातीला पुढे उडते, घमेलं थोडं लांब ठेवा. डिपस्टिक आधीच काढून ठेवलेली असली की हवा आत जाते आणि ऑइल सलग वाहतं, पण उघड्या भोकावर चिंधी झाका. धार थांबून थेंब पडायला लागले की दहा मिनिटं अजून द्या.

६. चुंबक वाचा

बोल्टच्या टोकाला चुंबक आहे. त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल, बोटांत चोळल्यावर काजळासारखी पसरणारी. ती गिअरच्या नेहमीच्या झिजेची, काळजीचं कारण नाही. बोटाला टोचणारे तुकडे, चमकदार पापुद्रे किंवा दाताचा कण सापडला तर फोटो काढा, तो तुकडा डबीत जपून ठेवा आणि काम इथेच थांबवून गिअरबॉक्स उघडणाऱ्याला दाखवा. चुंबक लोखंडच पकडतो. म्हणून घमेल्यातलं ऑइल टॉर्चच्या उजेडात गाळून बघा, ॲल्युमिनियमची चकाकी आणि क्लचच्या अस्तराचे काळे कण तिथे दिसतात.

बोल्ट पुसून जुना वायसर काढा. कधी कधी तो गिअरबॉक्सच्या तोंडालाच चिकटून राहतो. त्याच्यावर दुसरा वायसर बसला की गळती ठरलेली. नवा वायसर लावून बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे फिरवा, मग टॉर्क रेंचने ४९ न्यूटन-मीटर. गिअरबॉक्सचं खोकं ॲल्युमिनियमचं आहे. 'अजून थोडं कसतो' म्हणून आवळलं की आटे बोल्टबरोबर बाहेर येतात, आणि मग हेलिकॉइल (आट्यांच्या जागी घालायची तारेची स्प्रिंग) बसवल्याशिवाय गाडी चालवता येत नाही.

७. जेवढं निघालं तेवढंच भरा

घमेल्यातलं ऑइल जगने मोजा आणि आकडा लिहून ठेवा. साधारण अडीच लिटरच्या आसपास येईल, पुढून उचललेली गाडी थोडं कमी देते. आता तितकंच नवं ऑइल डिपस्टिकच्या भोकातून भरा.

इथे घाई चालत नाही. बारीक नळीतून ऑइल हळू उतरतं, एका वेळी अर्धा लिटर ओता आणि नरसाळं रिकामं होऊ द्या. अडीच लिटरला पंधरा मिनिटं सहज लागतात. बोनेटखालची धूळ आधीच पुसून घ्या. डब्याचं झाकण, जग आणि नरसाळं कोरडं असू द्या.

कमी निघालं असताना पुस्तिकेतला आकडा बघून जास्त भरणं ही नेहमीची चूक आहे. मोजलेलं खरं, छापलेला आकडा फक्त अंदाजाला.

८. लेव्हल गरम ऑइलवर, ठरलेल्या वेळात

गाडी स्टँडवरून उतरवून खऱ्या सपाट जागी न्या. ब्रेक दाबून ठेवून लिव्हर 'पी'पासून शेवटच्या खुणेपर्यंत सावकाश न्या, प्रत्येक जागी तीन सेकंद थांबा, परत 'पी'मध्ये आणा. इंजिन रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत चालू द्या. मग बंद करा आणि घड्याळ लावा.

डिपस्टिक ६० सेकंदांनंतर आणि ९० सेकंदांच्या आत काढायची. पूर्ण काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पातळी वरच्या आणि खालच्या खुणेच्या मधे हवी, वरच्या खुणेजवळ असेल तर उत्तम. या अर्ध्या मिनिटाच्या खिडकीमागे कारण आहे. इंजिन बंद होताच कन्व्हर्टर आणि वाहिन्यांमधलं ऑइल तळाकडे परत येऊ लागतं. लवकर बघितलं तर कमी दिसतं, उशीर केला तर जास्त. वेळ चुकली तर इंजिन पुन्हा सुरू करून पहिल्यापासून करा.

डिपस्टिकच्या दोन बाजूंवर वेगळी पातळी दिसली तर खालची बाजू खरी धरा, दुसरीला नळीच्या आतलं ऑइल लागलेलं असतं.

कमी असेल तर शंभर मिलिलिटरनेच वाढवा. जास्त झालं तर पातळ नळी घालून मोठ्या सिरिंजने ओढून काढा. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षा नव्हे. फिरते गिअर त्या ऑइलला घुसळतात, फेस येतो, फेसातली हवा दाबली जाते आणि क्लचला पुरेसा दाब मिळत नाही. लक्षणं अगदी कमी ऑइलसारखीच दिसतात, म्हणून लोक आणखी ऑइल ओततात.

डिपस्टिक नसलेल्या गाड्यांचं गणित वेगळं आहे. बऱ्याच सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये लेव्हल तळाच्या ओव्हरफ्लो बोल्टमधून बघतात, इंजिन चालू ठेवून आणि ऑइल ठरलेल्या तापमानात असताना, अनेक गाड्यांत ते ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला सावलीतली हवाच त्या मर्यादेला टेकते. तिथे हे काम पहाटे किंवा थंडीत करतात. सिटीची पद्धत त्या गाड्यांवर लावू नका.

९. तीन वेळा का

गिअरबॉक्समध्ये एकूण साधारण पावणेसहा लिटर ऑइल असतं. ड्रेन बोल्टमधून त्यातलं अडीच लिटर निघतं, बाकी कन्व्हर्टर आणि वाहिन्यांमध्ये राहतं. म्हणून एकदा बदलल्यावर आत ४३ टक्के नवं ऑइल असतं. दुसऱ्यांदा बदलल्यावर ६८ टक्के, तिसऱ्यांदा ८२ टक्के. चौथ्यांदा केल्याने मिळणारी भर खर्चाच्या मानाने थोडी आहे.

दोन बदलांच्या मधे गाडी रस्त्यावर चालवावी लागते, नाहीतर कन्व्हर्टरमधलं जुनं ऑइल मिसळत नाही. किमान पंधरा-वीस किलोमीटर, पाचही गिअर लागतील असे. पण ज्या गिअरबॉक्सचं ऑइल ८०-९० हजार किलोमीटर बदललेलंच नाही, त्याच्यावर एकाच दिवशी तीन बदल लादू नयेत. एका रविवारी एक, मधे पाचशे-हजार किलोमीटर, मग पुढचा. ताज्या ऑइलमधले साफ करणारे घटक जुना गाळ सोडवतात. तो एकदम सुटण्यापेक्षा थोडा थोडा सुटून दर वेळी बाहेर गेलेला बरा. दाबाने ढकलणारं फ्लशिंग मशीन म्हणूनच या गाडीला नको. सुटलेली घाण सोलेनॉइडच्या (ऑइलचा दाब सोडणाऱ्या विजेच्या झडपांच्या) बारीक जाळ्यांवर जाऊन बसते.

यानंतर दर ४० हजार किलोमीटरला एकच बदल पुरतो. रोज शहरातल्या कोंडीत चालणारी गाडी असेल तर ३० हजार.

१०. शिफ्टिंग पुन्हा बसवणं

कंट्रोल युनिट प्रत्येक शिफ्टला किती वेळ लागला ते मोजतं आणि त्यानुसार क्लचचा दाब थोडा कमी-जास्त करत राहतं. जुन्या ऑइलवर त्याने काही सवयी लावून घेतलेल्या असतात. नव्या ऑइलवर त्याच सवयी सुरुवातीला एखादा झटका किंवा किंचित उशीर दाखवतात. बहुतेक गाड्या हे दोन-तीनशे किलोमीटरमध्ये आपोआप जुळवून घेतात.

शिकलेलं पुसून टाकायची घाई करू नका. पाऊण-एक लाख किलोमीटर चाललेल्या गिअरबॉक्सची झीज युनिटने दाब वाढवून झाकलेली असू शकते. ते आकडे पुसले की दुसऱ्या दिवशी इंजिन भुंगावतं आणि गिअर उशिरा पकडतो. लोक दोष नव्या ऑइलला देतात. गिअरबॉक्सचे आकडे पूर्णपणे शून्यावर आणणं हे होंडाच्या स्कॅनरचं काम आहे, आणि ते गिअरबॉक्सची दुरुस्ती झाल्यावर करावं.

बॅटरी काढली असेल किंवा थ्रॉटल बॉडी (इंजिनमध्ये हवा सोडणारा भाग) साफ केली असेल, तर आयडल लर्न, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन किती वेगाने चालवायचं हे युनिटला पुन्हा शिकवणं, मात्र करावंच लागतं. बॅटरी काढण्याआधी म्युझिक सिस्टिमचा कोड शोधून ठेवा, तो पुन्हा मागितला जाऊ शकतो.

आयडल लर्न असं :

एसी, दिवे, म्युझिक, मागच्या काचेचा हीटर, मोबाइलचा चार्जर, सगळं बंद. इग्निशन ऑन करून दोन सेकंद थांबा. लिव्हर 'पी'मध्ये ठेवून इंजिन सुरू करा आणि रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत ३००० आरपीएमवर धरा. मग पाय पूर्ण काढा आणि इंजिन पाच मिनिटं नुसतं चालू द्या. या पाच मिनिटांत पंखा सुरू झाला तर त्याचा वेळ मोजायचा नाही, तेवढा पुढे वाढवा. हे बेसमेंटमध्ये करू नका. वीस मिनिटं चालणारं इंजिन बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठवतं आणि त्याला वास नसतो.

आता गाडी शिकवायची. रविवारी पहाटेचा मोकळा, सपाट रस्ता निवडा. खंबाटकी किंवा बोरघाट या फेरीत नको, चढावर युनिट वेगळ्या नकाशावर शिफ्ट करतं. आधी दहा किलोमीटर साधी चालवून ऑइल गरम करा.

गाडी थांबवून ब्रेक दाबून ठेवा. 'एन'मधून 'डी', तीन सेकंद थांबा, परत 'एन'. असं पाच वेळा. मग तसंच 'एन' ते 'आर' पाच वेळा. नंतर हलक्या पायाने निघा, एक्सलरेटर पाव भागापेक्षा जास्त दाबू नका आणि तो एकाच जागी स्थिर ठेवा. साठपर्यंत जाऊ द्या. मग पाय काढून गाडी आपोआप मंद होऊ द्या आणि शेवटी हलका ब्रेक. हे आठ-दहा वेळा. त्यातल्या निम्म्या वेळा एक्सलरेटर अर्ध्यापर्यंत न्या. शेवटी ७०-८० च्या स्थिर वेगाने दहा किलोमीटर, म्हणजे लॉक-अप क्लचलाही नव्या ऑइलची सवय होते. लॉक-अप झाल्याचं आरपीएमच्या काट्यावरून कळतं, पाय तसाच असताना काटा किंचित खाली बसतो.

११. यानंतर काही बिघडलं तर

'डी' टाकल्यावर गाडी धरायला सेकंदापेक्षा बराच जास्त वेळ घेते : आधी लेव्हल तपासा. बहुधा कमी आहे.

चालताना बारीक शिट्टीसारखा आवाज, जो आरपीएमबरोबर चढतो : पंप हवा ओढतोय. कमी लेव्हल किंवा फेस.

स्थिर ६०-७० वर खडबडीत रस्त्यासारखी थरथर : लॉक-अप क्लच. ऑइल चुकीचं पडलंय का ते डबा काढून खात्री करा. ऑइल बरोबर असेल तर उरलेले दोन बदल पूर्ण करा, बऱ्याचदा तिसऱ्या बदलानंतर ती जाते.

एकाच शिफ्टला झटका, बाकी सगळं गुळगुळीत : त्या क्लचचा दाब सांभाळणाऱ्या सोलेनॉइडवर संशय घ्या. त्याची जाळी चोंदलेली असते. हे काम पहिल्यांदा करणाऱ्याने उघडू नये.

इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही : गाडी बाजूला घ्या. अशा अवस्थेत घरापर्यंत चालवत नेलेला क्लच परत मिळत नाही.

खाली लाल थेंब : ड्रेन बोल्टजवळ असेल तर वायसर, चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या मुळाशी असेल तर तिथलं सील. या वयाच्या गाड्यांत ती सीलं कडक झालेली असतात. ऑइल काढायला खाली शिरलाच आहात तर दोन्ही बाजूंच्या मुळावरून बोट फिरवून बघा.

१२. जुनं ऑइल आणि नोंद

वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. तीन बदलांचं मिळून साडेसात लिटर होईल, ते त्याच डब्यांत झाकण घट्ट लावून भरा आणि जुनं ऑइल अधिकृतपणे उचलायला देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. गटारात, झाडाच्या बुंध्यात किंवा वाळवी मारायला लाकडावर नको.

मार्करने कागदाच्या चिठ्ठीवर तारीख, किलोमीटर, किती निघालं, किती भरलं आणि ऑइलचं नाव लिहा आणि ती चिठ्ठी बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, ड्रेन बोल्टच्या बरोबर खाली वर्तमानपत्राचा कागद सरकवून बघा. आठवडाभराने पुन्हा एकदा, गरम ऑइलवर, ६० ते ९० सेकंदांच्या आत लेव्हल घ्या.